अक्काच्या फोनवर वाजणारे टोलनाके

या गं, अशा जवळ सरका. लांबून ऐकाल तर निम्मं वाऱ्यावर जाईल. आणि आधी थोडं रागावणार आहे, तेही ऐकून घ्या. बेंगळुरूहून परत आल्यापासून मंडळातली प्रत्येक जण दारात येऊन एकच विचारून गेली, "काय आणलंस?" कुणाला म्हैसूरपाक हवा होता, कुणाला रेशमी साडी बघायची होती. एकीनं तर माझ्या जुन्या शालीला हात लावून "तिकडचीच ना ही?" म्हणून खात्री करून घेतली. पण माझी अक्का कशी आहे, हे एकीनंही विचारलं नाही. जिच्या लग्नात तुमच्यातल्या निम्म्या जणी परकर सावरत पंगतीत वाढायला धावल्या होत्या, तिची एवढीही चौकशी नको? म्हणून आता मंडळाच्या अंकासाठी बेंगळुरूचं लिहून दे म्हणताय, तर मी अक्काचंच लिहिणार. लालबागेचं वर्णन हवं असेल त्यांनी दुसरीकडं बघावं. मी लालबाग बघितलीच नाही. का नाही बघितली, तेच सांगायचं आहे.

नव्यानं निपाणीत आलेल्या सुनांसाठी सांगते. अक्का म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण. लग्न होऊन बेंगळुरूला गेली त्याला आता जन्म लोटला. तिच्या सासरचे लोक तिथले जुने मराठी, तीन-चारशे वर्षांपूर्वी कधीतरी तिकडं गेलेले. घरात मराठी बोलतात, पण त्यात कानडी इतकं मुरलेलं की कुठं एक संपतं आणि दुसरं सुरू होतं, ते त्यांनाही सांगता यायचं नाही. अक्काही तशीच बोलायला लागली.

तिचे यजमान, आमचे दाजी, मोठा दिलदार माणूस. डोळ्यांनी दगा द्यायला लागल्यावर त्यांनी गाडी चालवणं सोडलं आणि ती आम्हाला दिली. नुसती दिली नाही. "कागदावर इंदूचंच नाव लागलं पाहिजे" असं आमच्या ह्यांना निक्षून सांगितलं. आमच्या घरात लाईटबिलापासून जमिनीच्या उताऱ्यापर्यंत सगळं ह्यांच्या नावावर. माझ्या नावावर आलेली पहिली वस्तू म्हणजे ती पांढरी गाडी. गाडी चालवता येत नसली म्हणून काय झालं, रोज सकाळी फडक्यानं पुसते मीच.

गाडी माझी झाली, पण काचेवरचा टोलचा टॅग दाजींचाच राहिला. टॅग म्हणजे काचेला आतून चिकटवलेली ती चिठ्ठी. नाक्यावरचं यंत्र ती वाचतं आणि आडवा दांडा वर जातो. त्याचं खातं दाजींच्या नावावर आणि फोन नंबर मात्र अक्काचा, कारण दाजी स्वतःचा फोन कधी न्हाणीघरात विसरत, कधी फुलांच्या परडीत. ते बदलायचं कुणाला सुचलंच नाही. दाजी गेल्या वर्षी गेले, तरी खात्यातली शिल्लक आटली की अक्का तिकडून भरायची. मी "नको" म्हटलं तर म्हणायची, "माहेरची चोळी समज आणि गप्प बस."

जाताना

ह्यांच्या पोटाचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना लांबचा प्रवास झेपत नाही. तेव्हा ते आणि मुलगा घरी राहिले, आणि मी आणि माझी सून वैशाली, दोघीच निघालो. वैशाली गाडी फार छान चालवते. तिच्याबरोबर बसलं की माझा जीव माझ्याजवळच असतो, मुलाबरोबर बसलं की तो रस्त्यावर पुढं पुढं पळत असतो.

रस्त्यात गंमत अशी की आम्ही कुठं आहोत ते अक्काला आमच्या आधी ठाऊक. नाका ओलांडला की तिच्या फोनवर निरोप वाजायचा, अमुक ठिकाणी गाडी गेली म्हणून. आणि लगेच तिचा फोन. "धारवाड सोडलंत ना? पेढे घेतलेत का तसेच आलात?" पुढं गेलो की, "हावेरी गेलं. आता त्या पोरीला स्वल्प विश्रांती दे, पाय आखडले असतील." वैशाली हसून म्हणाली, "आई, मावशींनी रस्त्यात माणसं पेरलीत की काय!"

दावणगिरीला लोणी डोसा खाल्ला. मी घरून भाकरी, खर्डा आणि दही बांधून घेतलं होतं, पण डोशाचा वास आला आणि डबा तसाच राहिला. आपल्याकडं लोणी भाकरीवर ठेवतात आणि ते वितळायची वाट बघतात. तिथं डोसा लोण्यातच जन्माला येतो. खाऊन झाल्यावर बोटं धुवायची इच्छा होत नव्हती.

सिरा ओलांडून पुढं आलो. बेंगळुरूच्या अलीकडचा शेवटचा नाका आला आणि तिथं दांडा काही वर जाईना. वैशालीनं गाडी जरा मागं घेतली, पुढं घेतली. खिडकीतला माणूस हातातलं यंत्र घेऊन काचेजवळ आला, बघितलं आणि म्हणाला, "अम्मा, ब्लॅकलिस्ट."

"काय म्हणतो गं हा?"

"काळ्या यादीत टाकलंय, आई."

मला? आयुष्यात वाचनालयाचं पुस्तक एक दिवस उशिरा दिलं नाही, आणि मी काळ्या यादीत! मी खिडकी खाली करून त्याला आमच्या बेळगावी कानडीत चार शब्द ऐकवले. तो बिचारा हसला. म्हणाला, "अम्मा, तुम्ही नाही, टॅग." मागं लॉऱ्यांचे भोंगे सुरू झाले. एक ड्रायव्हर तर उतरून आला, वाटलं भांडणार. पण त्यानं मला बघितलं आणि म्हणाला, "हळू घ्या अम्मा, आम्हाला काही घाई नाही," आणि परत जाऊन जोरात भोंगा वाजवायला लागला. शेवटी दुप्पट भरून सुटलो.

तिथून जयनगरला अक्काच्या दारात पोचेपर्यंत जो वेळ गेला, त्यात निपाणीहून कोल्हापूरला जाऊन बाजार करून परत आलो असतो. वैशालीचा फोन रस्ता दाखवण्यात गुंतलेला, माझा पिशवीत तळाला. अंधार पडता पडता गल्लीत शिरलो तर अक्का फाटकात उभी. अंगावर शाल, शेजारच्या दोघी बाजूला. गाडी थांबायच्या आत तिनं दार उघडून माझा दंड धरला.

"सिराचा निरोप आला, आणि मग काही नाही. काहीच नाही! फोन कुणी उचलत नाही. मी काय समजायचं सांग की!"

 मी हसत हसत काळ्या यादीची गोष्ट सांगितली. ती हसली नाही. आधी मला नखशिखांत बघितलं, मग वैशालीला, मग गाडीला. मग म्हणाली, "सरी, बरं. आत चला. ऊटा थंड झालं, ताटं कधीची वाढलीत."

जयनगर

थंडीचे दिवस होते आणि तिकडं पावट्याचा हंगाम. आपल्याकडं पावट्याची उसळ झाली की संपलं. तिथं पावटा म्हणजे सण. आमटीत पावटा, उपम्यात पावटा, तांदळाच्या भाकरीत पावटा. आणि त्याचं सालही काढतात! रात्रभर भिजवायचा, सकाळी एकेक दाणा चिमटीत धरून दाबायचा, की आतली डाळ टुणकन बाहेर उडते. सकाळी अक्का आणि मी ओसरीत परात मध्ये घेऊन त्या उद्योगाला बसलो. माझे दाणे परातीत कमी आणि तुळशीत जास्त.

"तुझा नेम लहानपणापासून असाच," अक्का म्हणाली. "चिंचा पाडायला जायचीस आणि कौलं फोडून यायचीस."

सगळी गल्ली तिला अक्काच म्हणते. फुलवाली अक्का म्हणते, दूधवाला अक्का म्हणतो, समोरचे तिच्याहून म्हातारे गृहस्थही अक्का म्हणतात. मला जरा मत्सर वाटला, खरं सांगते. माझी अक्का सगळ्यांनी वाटून घेतलेली. कोपऱ्यावरच्या दुकानात नारळ आणायला गेले, तर मी एक वाक्य बोलताच दुकानदार म्हणाला, "बेळगावकडच्या ना तुम्ही?" म्हटलं, कसं ओळखलं? तर म्हणे, भांडताय का विचारताय ते कळेना, म्हणून ओळखलं.

इकडं वैशाली कानाला फोन लावून येरझाऱ्या घालत होती. आधी गाणं, मग एक दाबा, दोन दाबा, मग पुन्हा तेच गाणं. बऱ्याच वेळानं माणूस बोलला. टॅग एकाच्या नावावर आणि गाडी दुसऱ्याच्या, म्हणून पडताळणी अडकली, आणि पडताळणी केली नाही म्हणून टॅग बंद. "आम्ही खूपदा निरोप पाठवले होते," असं तो म्हणाला.

वैशालीनं अक्काला विचारलं, "मावशी, असे काही मेसेज आले होते का?"

"आले की. कागद द्या, इथं दाबा, तिथं दाबा. सगळे पुसले मी."

"का हो?"

"समोरच्या बाईंच्या भावाला असंच एक दाबायला लावून लुटलं. मी दाबते होय! नाक्याचे तेवढे ठेवते. ते काही दाबा म्हणत नाहीत."

आणि तिनं फोन पुढं केला. खरंच, खाली सरकवत गेलं तर नाकेच नाके. आमची गाडी जिथं जिथं गेली ते सगळं तिच्यापाशी साठलेलं.

ते बघताना मला कोगनोळीचा नाका आठवला. निपाणीहून कोल्हापूरला जाताना लागतो तो. ह्यांचं दुखणं निघालं तेव्हा तपासण्यांसाठी आमच्या कोल्हापूरला सारख्या फेऱ्या व्हायच्या. दाजी नुकतेच गेलेले, अक्काच्या डोक्याला आणखी घोर नको म्हणून मी तिला काही कळवलं नव्हतं. फोनवर हवापाण्याच्या गप्पा मारायची. एक दिवस दवाखान्याच्या बाकावर बसले होते, तर तिचा फोन. म्हणाली, "या महिन्यात कोगनोळी फार वाजते गं. कुणाचं दुखतंय?" मला तिथंच रडू फुटलं. ओळख ना पाळख अशा माणसांत बसून मी तिच्यापाशी मनसोक्त रडले. तिनं एकदाही "सांगितलं का नाहीस" म्हणून विचारलं नाही.

हे सगळं मला आठवत होतं, बघा. परातीसमोर बसून आठवत होतं. तरी दुसऱ्या दिवशी मी नको तेच केलं.

राजाजीनगर

दाजींनी टॅग घेतला ती बँक राजाजीनगरात. पूर्वी त्यांचं बिऱ्हाड तिथं होतं. अक्का म्हणाली, मीही येते. गुडघ्यांमुळं ती घराबाहेर पडत नाही, पण त्या दिवशी इरकली नेसली, केसात अबोली माळली आणि गाडीत पुढं बसली. आमचा बेत असा की सकाळी बँक, दुपारी लालबाग, संध्याकाळी तिच्या जुन्या मैत्रिणीकडं.

सारा रस्ता ती बोलत होती. इथं दाजी भाजी घ्यायचे, इथं त्यांची बस थांबायची, या वळणावर त्यांनी एकदा सायकल गटारात घातली आणि घरी येऊन सांगितलं की गटारच आडवं आलं. तिचं जुनं घर राहिलं नव्हतं. तिथं दातांचा मोठा दवाखाना. अक्का काचेतून बघत म्हणाली, "आमच्या न्हाणीघरात आता लोकांचे दात उपटतात."

बँकेतल्या बाई शांत होत्या, कानडीत समजुतीनं बोलत होत्या. गेलेल्या माणसाचं खातं असं चालू ठेवता येत नाही. ते बंद करायचं, जुनी चिठ्ठी काचेवरून काढायची, आणि जिची गाडी तिच्या नावावर नवा टॅग घ्यायचा. त्यासाठी अक्काची सही हवी.

अक्का पेन हातात धरून बसून राहिली. मग म्हणाली, "स्वल्प निल्लम्मा, जरा थांबा. जसं चाललंय तसंच नाही का चालणार?"

"आगल्ला, अम्मा," बाई म्हणाल्या. नाही होणार.

मला वाटलं, दाजींचं नाव पुसायचं म्हणून तिला जड जातंय. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिनं सावकाश कानडीत सही केली. मग खूप वेळ थांबणं, कागदांच्या झेरॉक्स, जेवणाची सुट्टी, बंद पडलेलं यंत्र. लालबाग तिथंच बुडाली. शेवटी बाईंनी विचारलं, "निरोप कुठल्या मोबाईलवर पाठवायचे?"

वैशालीनं एका दमात माझा नंबर सांगितला.

त्याच वेळी अक्कानं पिशवी उघडून आपला फोन बाहेर काढला होता. चष्मा लावला होता. मी बघितलं. मला वाटलं, किती वाजले बघतेय. तिनं फोन परत पिशवीत ठेवला आणि पिशवीची चेन लावली.

बाहेर वैशाली जुनी चिठ्ठी पात्यानं खरवडत होती, तर अक्का एवढंच म्हणाली, "हळू गं, काचेला चरे पडतील." काम झालं म्हणून मी जवळच्या हॉटेलात सगळ्यांना चौचौभात खायला नेलं. एका बशीत तिखट उपमा आणि गोड शिरा शेजारी शेजारी. दोन्ही एकदम कसं खायचं म्हणून वैशाली गोंधळली. मी खूश होते. माझ्या नावाची गाडी, माझ्या नावाचा टॅग, काळी यादी संपली. अक्कानं शिरा तसाच ठेवला. "सरी, झालं ना काम," म्हणाली. मैत्रिणीकडं जायचा विषय मी काढला, तर म्हणाली, "बिडु, राहू दे, आता दमले मी."

परत येताना

ह्यांची तपासणी होती म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटेच निघालो. पहिला नाका आला, दांडा झटकन वर गेला, वैशालीनं टाळी दिली. आणि माझ्या मांडीवरचा फोन वाजला. पुढच्या नाक्यावर पुन्हा. मी कुठं आहे ते तो मलाच कळवत होता.

अक्काचा फोन आला नाही. चित्रदुर्ग गेलं, नाही. वाटलं, दमली असेल, झोपली असेल. दावणगिरीला डोसा खाल्ला, पण कुणी "लोणी अंगावर सांडलंस ना?" विचारलं नाही. हावेरी, धारवाड, सगळं मुकाट गेलं. आणि मीही मूर्खासारखी तिच्याच फोनची वाट बघत बसले, आपण लावावा हे सुचलंच नाही. आजवर कधी लावावा लागला नव्हता ना.

घरी पोचून पाय धुतले, चहा झाला, तेव्हा लावला. "अक्का, पोचलो गं."

 ती म्हणाली, "पोचलात? केव्हा?"

"झाला की बराच वेळ."

"होय का. मी अजून तुम्हाला सिराच्या पुढंच धरून बसले होते." आणि मग नेहमीसारखं, "सरी. ऊटा झालं का?"

मी फोन ठेवला. वैशालीनं माझ्याकडं बघितलं, आणि तिच्याही डोक्यात उजेड पडला असावा. तोंडावर हात ठेवून म्हणाली, "आई, तिथं मावशींचा नंबर देता आला असता हो."

देता आला असता. बाईंनी विचारलं होतं. अक्का फोन हातात धरून बसली होती, आणि मी समजले, ती वेळ बघतेय.

नंबर बदलून घेऊ म्हणून मी दुसऱ्याच दिवशी तिला फोन केला. वैशालीनं सगळी चौकशी करून ठेवली होती. पण अक्का ऐकेना. "नको गं. आता गाडी तुझी, खातं तुझं. दुसऱ्याच्या गाडीचे निरोप मी कशाला घेऊ?" दुसऱ्याच्या, म्हणाली. रागानं नाही, साधंच म्हणाली. तेच मला जास्त लागलं.

आता मी नाक्यावर पोचले की आठवणीनं फोन करते. "अक्का, कोगनोळी आली." ती "बरं" म्हणते. पण मी सांगेन तेवढंच तिला कळतं. परवा ह्यांना पुन्हा दुखायला लागलं म्हणून कोल्हापूरला न्यावं लागलं. तिला काळजी नको म्हणून मी फोन केला नाही. दवाखान्याच्या त्याच बाकावर बसले होते. फोन हातात घेऊन बसले होते. तो वाजला नाही. वाजणार कसा? आता तिच्यापासून काहीही लपवता येतं मला.

हे मंडळाच्या अंकात छापून येणार, आणि अंक दरवर्षीसारखा बेंगळुरूलाही जाणार. तेव्हा बायांनो, आता तुम्ही जरा गप्प बसा. मला पुढचं अक्काशी बोलायचंय.

अक्का, ह्यांची तब्येत ठीक आहे. डॉक्टरांनी गोळ्या बदलून दिल्या, घाबरू नकोस. कोगनोळीचं तुला असं छापील वाचायला लागलं, याचं वाईट वाटतं. दाजी गेल्यापासून तू माहेरी आलीच नाहीस. मीच दरवेळी "गुडघे बरे झाले की ये" म्हणत राहिले. ते बरे व्हायची वाट बघत बसलो तर आपलं दोघींचं कठीण आहे. इथं ज्वारी निघालीय, शेतावरची वांगी आहेत, आणि तुझ्या आवडीचा खर्डा आता वैशाली माझ्याहून झणझणीत करते. तिनं तुला न्यायला यायचं ठरवूनच टाकलंय, येताना तुला पुढच्या सीटवर बसवणार आहे. मागं उशी ठेवू, दर नाक्याला उतरून पाय मोकळे कर, दोन दिवस लागले तर लागू देत. गुडघ्यांना विचारत बसू नकोस, ते नाहीच म्हणणार. फुलवालीला सांग, दूधवाल्याला सांग, की अक्का थोडे दिवस तुमची नाही, आमची. ये गं बाई, लवकर ये.